माझ्या हातचा कागद

मला पत्र लिहिता आलं तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची होत आली होती. तोवर मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेही अंगणात उभं राहून, भांडण चालू असताना.

मी बैलांचा दलाल. बोरीच्या आसपासच्या बाजारांत माझं नाव होतं आणि ते मी एकट्यानं कमावलं होतं. वडील वारले तेव्हा माझी पहिलीसुद्धा पुरी झाली नव्हती. घरात एकाला लिहितावाचता येत असलं की भागतं, असं ठरलं आणि थोरल्या भावाला शाळेत ठेवून मला गुरांमागं लावलं. भाऊ शिकून पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणं करू लागले. मी बैलाचे दात बघून वय सांगायला शिकलो, चाल बघून खोड ओळखायला शिकलो, आणि अठराव्या वर्षी दलालीला उभा राहिलो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. पहिली दाबलेली बोटं खरी नसतात, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही. चार वेळा हात झटकायचा, दोन वेळा उठून जायचं, मग खऱ्या भावावर यायचं. त्या रुमालाखाली मला कुणी कधी फसवलं नाही. सहीच्या जागी मात्र मी अंगठा उठवायचो आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. तिचं गाव पूर्णेच्या पलीकडं, येलदरीच्या वाटेवर. मुलगी झाल्याचा निरोप आला. बारशाच्या दिवशी नेमका मोठा बाजार होता, म्हणून मी गेलो नाही. त्याचा राग सासऱ्यांच्या मनात असणार, पण तो त्यांनी बोलून दाखवला नव्हता. मूल दीड महिन्याचं झालं तेव्हा मी भावाला म्हणालो, "दादा, मामांला कागद लिवा. म्हणावं, पोरीला तिसरा महिना लागला की गाडी घेऊन आणायला येतो. तुमचा होकार तेवढा कळवा."

दादांनी लिहिलं. लिहून झाल्यावर वाचूनही दाखवलं. मी सांगितलं तेच शब्द, तसेच्या तसे. मी अंगठा उठवला आणि कागद टपालात पडला.

उत्तर आलं नाही. महिना गेला, दोन गेले. माझं डोकं तापत गेलं. पोरीला ठेवून घ्यायचा यांचा विचार दिसतो, आपल्याला धडा शिकवायलेत, असं रोज मनात येऊ लागलं. शेवटी गाडी जुंपली आणि निघालो. नदी ओलांडेपर्यंत काय काय बोलायचं ते सगळं पाठ झालं होतं.

सासरे ओट्यावर बसले होते. शेजारचे तिघे-चौघे होते. मी बैल सोडायच्या आधीच आवाज चढवला.

"मामा, बायकू माझी, लेकरू माझं. उत्तर द्यायला हात दुखायलाय का तुमचा?"

सासरे उठले नाहीत. "उत्तर कशाचं द्यायचं? तुमीच लिवलंय, घरात जागा न्हाई, दिवाळीपत्तूर लेकीला तिथंच राहू द्या. ऱ्हायली की!"

"म्या असं लिवलं न्हाई."

ते आत गेले आणि कागद घेऊन आले. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. सध्या घरात जागेची फार अडचण आहे, तरी मुलीला व बाळास दिवाळीपर्यंत आपल्याकडेच ठेवून घ्यावे. खाली अंगठा होता. अंगठा माझाच, त्यावरची विळ्याची खूण मी दुरून ओळखली.

आता एवढ्यावर शहाण्या माणसानं गप्प बसायचं. पण बाजारात कुणी भलताच भाव सांगितला की मी पहिल्यांदा त्याला खोटं पाडतो, ती सवय तिथंही आडवी आली. मी म्हणालो, "कागदावर काय बी असू द्या. तुमी खोटं वाचायलाव."

ओट्यावरचे तिघे-चौघे माझ्याकडं बघू लागले. आतून बाळ रडत होतं आणि बायको दाराच्या आड उभी होती, तिच्या कडेवरचं लुगड्यातलं गाठोडं तेवढं मला दिसलं. सासऱ्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात ठेवली.

"जावईबापू, मी देवळात पोथी वाचतो. आजपत्तूर कुणी मला असं म्हनलं न्हाई. हा कागद न्या. ज्या दिशी तुमाला सोताला वाचता यील, त्या दिशी कळंल कोण खोटं ते. आन् मग तुमच्या हातानं मला लिवा. दुसऱ्याच्या हातचा कागद नगं आन् तुमचं तोंड बी नगं."

रिकामी गाडी घेऊन मी परत फिरलो.

एका माणसाच्या बोलण्यावर मी बैलाचं वयसुद्धा धरत नाही. वाटेत एका किराणा दुकानदाराला कागद दाखवला. त्यानं तेच वाचलं. तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली एक मुन्शी बसायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांना दाखवला. त्यांनीही तेच वाचलं, वर म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो. कुणाचं?"

घरी आलो. दादा जेवत होते.

"दादा, ह्ये काय लिवलं तुमी?"

त्यांनी घास खाली ठेवला नाही. "अरे, वाटण्या व्हायच्यात. मधल्या खोलीत माझा संसार. तुझी बायकू लेकरू घेऊन कुठं निजंल? तुला इचारलं असतं तर तू भांडला असतास. म्हणून तुझ्या भल्याचं तेवढं लिवलं."

"आन् मला वाचून काय दाखवलं?"

"तुला पाह्यजे ते दाखवलं."

माझा हात त्यांच्यावर उठला नाही, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो. त्यांची दौत कोनाड्यात होती, ती भिंतीवर फेकली. शाई खाली येईपर्यंत मी कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि बाहेर पडलो. दादांवरचा तो राग आजही गेलेला नाही. त्यांनी जागा मागितली असती तर मी दिलीही असती, भांडून का होईना. त्यांनी मला विचारलंच नाही, उलट माझंच बोलणं मला ऐकवून भलत्याच मजकुरावर माझा अंगठा घेतला. हे मी पुष्कळांना सांगितलं आहे आणि पुढंही सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुन्शीजींसमोर जाऊन बसलो. मला लिहायला शिकवा म्हणालो. ते हसले. मी त्यांची चौकशी आधीच करून ठेवली होती. त्यांच्याकडं एक गाय होती, लाथ मारणारी आणि धारेला आटलेली. कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारली होती.

"मुन्शीजी, ती गाय मी बदलून देतो. दोन्ही वेळा दूध देणारी, पोरासोरांनी धार काढावी अशी. तुमी मला लिवणं द्या."

"अहो दलाल, लिहिणं म्हणजे दावणीचं जनावर आहे का, दोरी धरून नेलं?"

"तुमी सांगा किती दिवस लागतील."

"वर्ष."

"दोन महिने."

"तुमच्या वयाला दोन महिन्यांत नुसती बोटं वळतील."

चार महिन्यांवर सौदा पटला. दर बाजाराच्या दिवशी आणि मध्ये एक दिवस, दुपारी कचेरीतली गर्दी ओसरली की तासभर. गाय वर्षभर लाथ मारणार नाही, ही हमी त्यांनी माझ्याकडून वर घेतली. त्यांनाही सौदा येत होता.

लहानपणची अक्षरं थोडी डोक्यात होती. ती पाटीवर काढू लागलो. कचेरीचा शिपाई येता-जाता थांबायचा. "काय दलाल, बैलाचे दात काढायलाव का?" माझा क खरोखरच जबड्यासारखा दिसायचा. पहिल्या महिन्यात दोन पाट्या मी रागानं फोडल्या. तिसरी पाटी मुन्शीजींनी दोरीनं लिंबाला बांधून ठेवली.

दुसऱ्या महिन्यापासून त्यांनी मला कागदांचे प्रकार दाखवायला सुरुवात केली. मला वाटायचं, पत्र म्हणजे पत्र. मनात आहे ते लिहायचं आणि पाठवायचं. तसं नव्हतं. प्रत्येक माणसाच्या दारात शिरायची वाट वेगळी होती. वडिलांना तीर्थरूप, सासऱ्यांना किंवा वडिलांच्या मानाच्या माणसाला तीर्थस्वरूप, आणि पुढं शिरसाष्टांग नमस्कार. धाकट्याला चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. व्यापाऱ्याला राजमान्य राजश्री, आणि त्याला आपल्या पडशाखोकल्याचं काही सांगायचं नाही, मालाचं सांगायचं. लग्नाच्या पत्राला कुंकू लावायचं. कुणी गेल्याचं पत्र असेल तर कोपरा फाडायचा, म्हणजे घेणारा आधी खाली बसतो आणि मग वाचतो. तेव्हा कचेरीची भाषा उर्दू होती, म्हणून सरकारी अर्ज तर उर्दूत. तो मला येणार नव्हता, पण त्यातलं काय कुठं येतं ते मुन्शीजी समजावून सांगायचे. वर साहेबांचा मान, मग 'फिदवी', म्हणजे आपला ताबेदार, मग मागणं.

"मी कुणाचा ताबेदार न्हाई," मी म्हणालो.

"तुम्हाला कोण व्हायला सांगतंय? टोपी घालून कचेरीत जाता ना? तशी ही कागदाची टोपी."

हे मला पटलं. त्यानंतर नमस्कार आणि आशीर्वाद लिहिताना माझा हात अडला नाही.

त्याच सुमारास बाजाराच्या मैदानात गुरांना पाणी पिण्यासाठी हौद पाहिजे, म्हणून आम्ही दलालांनी अर्ज करायचं ठरवलं. मुन्शीजी लिहिणार होते आणि मी शेजारी बसून सांगणार होतो. ते म्हणाले, "एक हौद लिहितो."

"एक नगं, तीन लिवा."

"तीन कशाला? एकाची तर गरज आहे."

"मुन्शीजी, लिवणं तुमचं, सौदा माझा. तीन मागितले तर ते एकावर येतील. एक मागितला तर बादलीवर येतील."

बाकीच्या दलालांनीही माना डोलावल्या. आमच्यातल्या कुणालाच दुसरं काही सुचलं नसतं. तीन हौदांचा अर्ज गेला. मी मनात पुढची तयारीही करून ठेवली. साहेब म्हणतील एक, आपण म्हणू दोन, मग थोडं कुरकुरून एकावर यायचं.

पाच आठवड्यांनी अर्ज परत आला. मुन्शीजींनी मागचा शेरा वाचला. तीन हौदांची आवश्यकता दिसत नाही, अर्ज दाखल दफ्तर. म्हणजे फडक्यात बांधून फळीवर ठेवला.

"पण एकाचं काय म्हनलेत?"

"एकाचं तुम्ही कुठं विचारलंत?"

"आवो, तीन म्हनल्यावर एक कळाय नगं का?"

मुन्शीजींनी चष्मा काढला. शेजारच्या बाजारवाल्यांनी त्याच महिन्यात एक हौद मागितला होता आणि त्यांना तो मंजूर झाला होता, हे त्यांना आतून कळलं होतं. त्यांनी ते मला सांगितलं आणि मग म्हणाले, "दलाल, तुमच्या रुमालाखाली समोरच्याचा हात असतो. तो मागं ओढतो, तुम्ही दाबता, तो हसतो, ते तुम्हाला कळतं. कागदाला हात नसतो हो. तुम्ही जे लिहिलंत तेच तुमचं म्हणणं. कागदावर शेवटचा भाव आधी सांगावा लागतो."

मी त्यांच्याशी भांडलो. कचेरीलाही शिव्या दिल्या. पण बाजाराजवळ घेतलेल्या माझ्या खोलीवर आलो तेव्हा माझ्या पेटीत सासऱ्यांसाठी लिहून ठेवलेला मसुदा होता, तो काढून वाचला. मीच लिहिलेला, चार दिवस खपून. उद्याच्या उद्या माझी माणसं पाठवा. नाहीतर मी पंच घेऊन येतो. नाहीतर मी दुसरं लग्न करतो. यातलं एकही मला करायचं नव्हतं. सासरे थोडे वर येतील, मी थोडा खाली येईन, मग मध्ये कुठंतरी बायको आणि मुलगी घरी येतील, असा माझा हिशेब होता. हा कागद नदीपलीकडं त्या ओट्यावर वाचला गेला असता, दाराच्या आड बायकोनं ऐकला असता, आणि मी तिथं हात झटकायला किंवा हसायला नसतो. मसुदा मी चुलीत घातला.

मग खरा कागद लिहायला बसलो. तो लिहिताना जेवढा त्रास झाला तेवढा मारक्या खोंडाला वेसण घालताना झाला नव्हता. आधी दादांनी काय केलं ते पानभर लिहिलं. मुन्शीजींनी ते वाचून बाजूला ठेवलं.

"सासऱ्यांना तुमचा भाऊ पाहिजे आहे का जावई?"

पुन्हा लिहिलं. शेवटी जो कागद गेला तो मला अजून तोंडपाठ आहे. तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही दिलेला कागद मी आज स्वतः वाचला. तुम्ही खरं वाचलं होतं. मी चारचौघांत तुम्हाला खोटं म्हणालो, ती माझी चूक झाली. तो मजकूर माझा नव्हता, पण अंगठा माझा होता. मी आता बाजाराजवळ वेगळी खोली घेतली आहे. खोली एकच आहे, पण गळत नाही, विहीर जवळ आहे. बारशाला आलो नाही, त्याचंही वाईट वाटतं. मुलीला आणि तिच्या आईला न्यायला येऊ का, ते कळवावं. हा कागद माझ्या हातचा आहे.

कागदात एकही धमकी नव्हती. एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नव्हती. टपालात टाकताना आपण बैल फुकट देऊन टाकला असं वाटलं.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. बाजार भरला होता. टपालवाल्यानं सवयीनं विचारलं, "वाचून दाखवू का?" मी कार्ड त्याच्या हातातून ओढून घेतलं. दोन बैलांच्या मध्ये उभं राहून एकेक अक्षर लावलं. जोडाक्षराला अडलो, पुन्हा मागं गेलो. घेणारा आणि देणारा दोघं रुमाल धरून माझी वाट बघत होते.

पत्र पावले. अक्षर वाईट आहे, मजकूर चांगला आहे. दशमीस गाडी घेऊन यावे. गाडीत कडबा न घालता मऊ गवत घालावे, मूल लहान आहे.

मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच निघालं. आता मधे कुणी नव्हतं, ना लिहिणारा ना वाचणारा. त्या दिवशीचा तो सौदा माझ्या हातून फिसकटला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दशमीला गेलो. सासरे ओट्यावरून उतरून गाडीपाशी आले. आधी त्यांनी गवत दाबून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"या. हात धुवा. आज तोंडाला बी परवानगी हाय."

मी त्यांच्या पाया पडलो. आत चुलीपासून थोडं दूर मुलगी रांगत होती. मी उचलल्याबरोबर रडली. सासूबाई म्हणाल्या, "रडंल न्हाई तर काय, वळख कुठंय?" ते खरंच होतं. पण निघायच्या वेळेपर्यंत तिनं माझ्या मिशीला हात घातला होता.

नदी ओलांडून पलीकडचा चढ लागल्यावर बायको म्हणाली, "चार महिने लागले व्हय एवढा कागद लिव्हायला?"

"एक वरीस लागणार व्हतं. मी चारावर आणलं."

"आमच्या बापानं तीनदा वाचून दाखवला. शेजारणींनी बी ऐकला."

"मग? कसा व्हता?"

"बापाला लिवलेला व्हता. त्यांला आवडला." तिनं मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "माझा कुठंय?"

"तुझा?"

"आवो, इतक्या दिवसांत तुमी एक ओळ मला लिवली न्हाई."

"तुला कुठं वाचता येतंय?"

"वाचायचं कोण म्हनतंय? माझा मी ठिवीन जपून. आन् कुणाला वाचाय देणार न्हाई."

मुन्शीजींनी मला बापाला, भावाला, व्यापाऱ्याला, सरकारला कसं लिहायचं ते सांगितलं होतं. बायकोला लिहायची वेळ येईल, हे त्यांनाही सुचलं नव्हतं आणि मलाही. सुरुवात काय करायची तेच मला माहीत नव्हतं.

"काय लिवू त्यात?" मी विचारलं.

"हातात लेखणी तुमच्या, आन् इचारता मला?" ती हसली. मग थोडा विचार करून म्हणाली, "लिवा, की इथून पुढं मला काय सांगायचं आसंल ते तुमी सोता सांगताल. आन् घरात भांडण झालं तर आधी मला इचारताल, मग दौत फोडताल."

दौतीची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. मी बैलांना हाकारलं.

"दौतीचं न्हाई लिवत. बाकीचं लिवतो."

"दोनी लिवा."

"एकच."

"दोनी," ती म्हणाली आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. खोलीवर पोचलो, सामान उतरवलं. तिनं विहीर बघितली, छत बघितलं. संध्याकाळच्या उजेडात मी दाराशी कागद घेऊन बसलो आणि दोन्ही लिहिलं.